मांडी घालून बसा

आमची धाकटी मावशी दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुते. चौदा वर्षं रक्ताचे, ओकारीचे, औषधांचे डाग काढलेत तिनं. वाफेनं आणि रागानं तोंड कायम लाल, म्हणून तिथं तिला सगळे भट्टी म्हणतात. चादरी नेणाऱ्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर काम सोडून गेला, तेव्हा ती साहेबापुढं जाऊन उभी राहिली.

साहेब म्हणाला, "महिनाअखेर लायसन आण, गाडी तुझी. नाहीतर माझा मेव्हणा आहेच."

मेव्हणा म्हटल्यावर हिच्या डोक्यात जाळ झाला. त्याच दिवशी तिनं ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं.

मास्तर गोडबोल्या. बावीस दिवस नुसतं "वा ताई, झकास ताई". चढावर थांबलेली गाडी लोण्यासारखी सुटायची. घरी येऊन मावशी नवऱ्याला म्हणायची, "तुमचा जन्म गेला सायकल ढकलण्यात."

परीक्षेला गाडी शाळेचीच, मास्तरच्या जागी इन्स्पेक्टर. त्यानं चढावरच गाडी थांबवायला लावली. पुन्हा काढायला गेली तर बंद. दुसऱ्यांदा काढली ती मागं घसरत कठड्याला टेकली. "नापास. आठ दिवसांनी या," म्हणून त्यानं पेनाला टोपण लावलं.

उतरताना तिची नजर खाली गेली. इन्स्पेक्टरच्या पायाशीही वेगळे क्लच आणि ब्रेक. मास्तर रोज तिथंच बसायचा, पण हिनं रस्त्यावरची नजर कधी काढलीच नव्हती. म्हणजे बावीस दिवस गाडी मास्तरच्या पायांनी चालली. हिनं नुसतं चाक धरलं होतं.

तशीच ती शाळेत गेली.

"मास्तर, तुम्ही मला शिकवत होतात का फिरवत होतात?"

"ताई, गाडीला काही झालं असतं तर? बायामाणसांना एवढं पुरतं."

"चपला काढा."

मास्तर दोन पावलं मागं सरला.

"मारत नाही. चपला काढा आणि सीटवर मांडी घालून बसा, जेवायला बसता तशी. पाय खाली आला तर चालत पाठवीन."

आठवडाभर रस्त्यानं लोकांनी तो तमाशा पाहिला. गाडी बेडकासारखी उड्या मारतेय आणि मास्तर मांडी घालून, दाराची मूठ धरून, डोळे मिटून बसलेला. पाचव्या दिवशी क्लच सोडता सोडता मावशीच्या तळपायाला बारीक थरथर लागली. पाणी उकळायच्या आधी धुलाईखान्यातल्या भट्टीच्या झाकणाला असते, तशी. मग ब्रेक कधी सोडायचा ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस. तोच इन्स्पेक्टर, तोच चढ. गाडी थांबली आणि इन्स्पेक्टरचा बूट हळूच ब्रेककडं सरकला.

"साहेब, पाय."

"अहो, मी फक्त..."

"मागं घ्या."

त्यानं घेतला. गाडी बोटभरसुद्धा मागं न येता वर गेली.

लायसन टेबलावर ठेवलं तेव्हा साहेबाचं तोंड कडू झालं. "मेव्हणा उद्यापासून येणार होता," तो म्हणाला.

"येऊ दे की," मावशी म्हणाली आणि किल्ली उचलली. "चादरी चढवायला माणूस लागतोच."