काटा खाली आला तेव्हा

आमोण्याच्या माझ्या सासऱ्यांची गाडी पोर्तुगीज अमदानीत बोटीतून आलेली. काळी, पाठीला गोल, पुढे जाळीचं चकचकीत तोंड. गुडघे गेल्यावर त्यांनी ती आपल्या एकुलत्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला दिली. लहानपणापासून तिने वडिलांबरोबर बॉनेटखाली वाकून हात काळे केले होते. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात. दिवसभर यंत्रांसमोर उभा असतो, पण गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे मलाही तसंच शिकवलं. इंजिनाच्या भोवती पाणी फिरतं, गरम होऊन रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि परत जातं. "कुकरची शिटी पडायच्या आधी तुम्ही झाकण काढता का? मग हेही झाकण गरम असताना काढायचं नाही." तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जातो, हेही तिनेच सांगितलं. रविवारी आम्ही तुयेहून आमोण्याला जायचो. कधी मी चालवायला बसलो, की तापमानाच्या काट्याकडे माझी नजर सारखी जाई. ती वैतागायची. "तुम्ही रस्त्याकडे बघा हो. काट्याकडे मी बघते."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शाळेत फळ्यासमोर उभी असताना तिच्या डोक्यात कळ आली आणि ती खाली बसली. कारखान्यात निरोप आला. मी इस्पितळात पोचलो तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली.

दिवसकार्य झालं. गाडी आमच्या अंगणात ताडपत्रीखाली राहिली. मी आठवड्यातून एकदा ती चालू करायचो, थोडा वेळ आत बसायचो आणि बंद करायचो. तिच्या बाजूच्या सीटवर तिची ओढणी घडी करून ठेवलेली होती, ती मी उचलली नाही.

मे महिन्यात सासऱ्यांचा फोन आला. मी त्यांना मामा म्हणतो.

"गाडी एकदा घेवन येशात?" ते म्हणाले. "माका बसाक नको. फक्त आवाज आयकूचो आसा."

रविवारी सकाळी निघालो. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, पाण्याचा कॅन मागे ठेवला. कोलवाळचा पूल ओलांडला, म्हापसा मागे पडलं. गाडी छान चालली होती. अस्नोड्याच्या पुढे काटा वर सरकायला लागला. पुढे सावली दिसली की थांबू, असं मनाशी ठरवलं. एवढ्यात काटा स्वतःच खाली यायला लागला. अर्ध्यावर आला, आणखी खाली गेला. दोन्ही बाजूंना झाडी होती, वारा लागत होता, मला वाटलं निवलं इंजिन. मी मोठ्याने म्हटलं, "बघ, उतरला." आणि पाय दाबला.

मुळगावच्या अलीकडे जळक्या रंगाचा वास आला. मग बॉनेटखालून टकटक, मग गाडी अडखळली आणि गुरगुरून जागीच बंद पडली. चावी फिरवली, इंजिन हललंसुद्धा नाही. खाली वाकून पाहिलं. खालचा रबरी पाइप उभा फाटला होता आणि एक थेंबही टपकत नव्हता. सगळं पाणी वाटेत सांडून गेलं होतं.

मामांना फोन केला. "तुम्ही येऊ नका," म्हटलं, पण शेजाऱ्याच्या रिक्षातून ते आलेच. काठी टेकत गाडीपाशी गेले, पाइप पाहिला, बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही.

"काटो खंय होतो?"

"खाली, मामा. एकदम खाली. मला वाटलं, निवली."

ते अगदी हळू म्हणाले, "त्या काट्याचा दुसरा टोक इंजिनाच्या पाण्यात बुडलेला असता. तो पाण्याची गरमी सांगता, लोखंडाची नाय. पाणीच संपला, तर तो काय सांगतलो?"

मी वाकून तो फाटका पाइप पुन्हा पाहिला.

"तिका म्हायत होता ह्या," ते म्हणाले. "तुमका सांगूचा रवला आसतला."

इतके महिने मी सगळ्यांसमोर नीट वागलो होतो. त्या रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्या टिपरांची धूळ अंगावर घेत, मी मोठ्याने रडलो. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून बाजूला उभे होते. त्यांनी मला गप्प केलं नाही.

टेम्पोला दोर बांधून गाडी आमोण्याला नेली. मागाहून डिचोलीचा मेस्त्री येऊन इंजिन उघडून गेला. पिस्टन सिलिंडरला धरून बसले होते, ब्लॉकला तडा होता. ह्या मापाचं काही आता मिळत नाही, म्हणाला. मामा म्हणाले, "रवांदे." गाडी आता त्यांच्या मांगराला, गवत-लाकडं ठेवायच्या खोपीला, टेकून उभी आहे.

त्या दिवशी मात्र हे काही कळलेलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघे पडवीत चहा आणि उंडे, म्हणजे गोल कडक पाव, घेऊन बसलो होतो. उंडा चहात बुडवता बुडवता मामांनी विचारलं, "तिका त्रास जालो काय ओ शेवटाक?"

ती गेल्यापासून हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. फळ्यापासून इस्पितळापर्यंत तिच्याबरोबर मी नव्हतो. तिला काय झालं, काय दुखलं, तिने कुणाला हाक मारली, मला ठाऊक नाही, आणि आता कधी ठाऊक होणारही नाही.

"नाही, मामा," मी म्हटलं. "काहीच त्रास झाला नाही."

"बरां जाला," ते म्हणाले. भिजलेला उंडा कपात तुटून पडला होता. तो त्यांनी चमच्याने काढायचा प्रयत्न केला, मग कप तसाच खाली ठेवला.