पाताळातली पोरगी वाकते की नाही

माझी मुलगी सहावीत असताना शाळेच्या कपाटातून एक पुस्तक घेऊन आली. मुखपृष्ठावर पाच फण्यांचा नाग, रेड्यावर बसलेला यम, आणि दोघांच्या मध्ये दोन वेण्यांची, तिच्याच वयाची एक पोर. नागांच्या राजानं पळवलेल्या धाकट्या भावाला आणायला ती एकटी पाताळात जाते, अशी गोष्ट. मुलीला भाजी आणायला पाठवलं तर पिशवीत पुस्तक असायचं आणि भाजी विसरलेली असायची.

तेव्हा आम्ही माधवनगरला राहत होतो. सासरे गिरणीतून निवृत्त होऊन घरीच असत. आम्ही बौद्ध. धर्म बदलला तेव्हा सासऱ्यांनी ऐन तरुणपणी घरातले देव स्वतःच्या हातांनी कृष्णेत सोडले होते. त्यानंतर आमच्या घरात देवाला कधी हो म्हटलं नाही, आणि पुस्तकाला कधी नाही म्हटलं नाही. त्यामुळे ते पुस्तक मांडीवर घेऊन सासरे वरचं चित्र निरखू लागले, तेव्हा मला चुलीपाशी काही सुचेना.

"ह्यो यम न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा."

"आपल्यात ह्ये चालत न्हाई. म्हाईत हाय न्हवं तुला?"

मुलीनं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हितं बघा काय लिवलंय. यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत."

"यमबी?"

"सर्व म्हटल्यावर यम आलाच की, आबा."

सासऱ्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "मग लिवणारा आपल्यातलाच दिसतोय," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "वाच. पण मोठ्यानं वाचायचं, माझ्यासमोर. चोरून म्होरं जायचं न्हाई. आणि ही पोरगी कुणाच्या पाया पडली, की पुस्तक त्याच दिवशी शाळेत परत."

मुलीनं मान डोलावली.

मग रोज दिवेलागणीला ओट्यावर वाचन सुरू झालं. मी दारात तांदूळ निवडत ऐकायची. पाताळाच्या वेशीवर यमाचा रेडा वाट अडवतो. ती पोर त्याच्यापुढे कडब्याची पेंढी टाकते, तसा तो बसतो आणि उठायचं नावच घेत नाही.

"कवठे महांकाळचा असंल," सासरे म्हणाले. "तिकडल्या दुष्काळात एवढा कडबा बघून रेडाच काय, माणूसबी बसंल."

मुलगी इतकी हसली, की तिला पुढची ओळ सापडेना.

माझं माहेर वाईजवळचं. लहानपणी आईबरोबर नदीवर धुणं धुवायला जायची. घाटावरच्या देवळांकडे आई बघू द्यायची नाही, आणि आत काय असेल म्हणून मी तिकडेच बघायची. त्या पायऱ्या मी कधी चढले नाही. या पुस्तकातली पोर मात्र कुठल्याही दारात थांबत नव्हती. कुणी अडवलं तर भांडायची, भांडून दमली की तिथंच बसून भाकरी खायची. माझ्या मुलीला नाग आणि यम खरे वाटत नव्हते. तिला ती पोर खरी वाटत होती. हे मला सासऱ्यांना सांगावंसं वाटे, पण त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

एके संध्याकाळी गोष्ट अवघड जागी येऊन थांबली. नागांचा राजा म्हणतो, माझ्या पायांवर डोकं ठेव आणि भावाला घेऊन जा. सासऱ्यांनी चष्मा काढला. मुलगी रात्री नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत आणि सासरे बाहेर गेलेले. मी पुस्तक काढलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरांखाली बोट ठेवत पानाच्या तळाशी आले. तिथं होतं, 'ती हळूच वाकली.' तेवढ्यात फाटक वाजलं. मी पुस्तक होतं तिथं ठेवलं आणि तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं.

संध्याकाळी मुलगी वाचत त्या ओळीपर्यंत आली. "ती हळूच वाकली," असं वाचून पानाच्या तळाशी थांबली. सासऱ्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला.

"पान तर उलटू द्या, आबा."

तिनं पान उलटलं. "आणि राजाच्या पायांशी निपचित पडलेल्या भावाला तिनं उचलून खांद्यावर टाकलं. मग ती ताठ उभी राहिली."

सासऱ्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो नातीच्या डोक्यावर ठेवला. "उचलायला वाकली व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, पडली पाया."

"मलाबी दुपारी तसंच वाटलं," मी बोलून गेले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"दुपारी?" सासरे म्हणाले.

"आई चोरून म्होरं गेली!" मुलगी ओरडली. "आबा, आता हिला शिक्षा!"

सासऱ्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "उरलेला अध्याय तू वाच. मोठ्यानं."

शाळा सुटल्यापासून मी कुणासमोर वाचलं नव्हतं. नको म्हणायचं होतं, तेही जमलं नाही. हात पदराला पुसले आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. वेशीवर रेडा अजून बसलेलाच होता.