विहीर चार बोटं खाली गेली

ही गोष्ट लिहायची मी आजवर टाळली. नातवंडांना दुष्काळाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची सांगितली, जनावरं छावणीला नेली ती सांगितली, पण ही सोडून. बायकोलाही कधी बोललो नाही. आता ती नाही आणि माझंही वय झालं, म्हणून लिहून ठेवतो.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या भागात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबला. त्या वर्षी होळीच्या आधी चार गावच्या भजनी मंडळांनी मिळून तीन दिवसांचा गायनमेळा ठरवला. लोक खडी फोडून कंटाळले होते, तेवढाच विरंगुळा. जागा मिळाली येरमाळ्याच्या पलीकडं एका वाडीत, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पडीक रानात. पेरणीच झाली नव्हती, त्यामुळं रान मोकळं होतं. सगळ्यांनी तिथंच पालं ठोकून राहायचं, आपापला शिधा आणि गोवऱ्या घेऊन यायच्या, असं ठरलं. पालं म्हणजे काय, चार काठ्या आणि वर धोतर नाहीतर गोणपाट.

रानाच्या मालकाच्या अटी होत्या. बाभळीची फांदी तोडायची नाही. चूल दगडांवरच मांडायची आणि जाताना दगड परत बांधावर ठेवायचे. ओढ्यापलीकडं जायचं तर खुरपं घेऊन जायचं आणि माती लोटून यायचं. विहिरीचं पाणी प्रत्येक पालाला सकाळ-संध्याकाळ एक घागर. तीन दिवस अंघोळ नाही. हे सगळं त्यानं पहिल्या दिवशी सकाळी बांधावर उभं राहून सांगितलं, असं मी नंतर ऐकलं. आमचं मंडळ ट्रॅक्टरनं दुपारी पोचलं. आम्हाला अटी मेळ्याच्या कमिटीतल्या एकानं सांगितल्या, आणि जेवढ्या त्याला आठवल्या तेवढ्याच.

मी तेव्हा आमच्या गावच्या सोसायटीचा सचिव होतो. वय तीस. मापात चूक न करणारा माणूस, असं माझं नाव होतं, आणि मला ते आवडायचं. म्हणून पाण्यावर देखरेख माझ्याकडं आली. विहिरीला पाणी असं नव्हतंच. तळाला बाजेएवढा एक खळगा होता, त्यात रात्रभर झिरपून पाणी साचायचं. कपारीतून एक काळा दगड पुढं आलेला होता. मालक म्हणाला, "सकाळच्याला पाणी त्या दगडाला टेकतंय. रोज. मी सहा म्हैनं बघलालोय." मी सुतळीला दगड बांधला, त्या काळ्या दगडाच्या मापाला गाठ मारली आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी सोडून पाहिली. पाणी दगडाच्या चार बोटं खाली होतं. अजून कुणाला एक घागरही दिलेली नव्हती.

चार बोटं म्हणजे आज कुणाला काही वाटणार नाही. त्या वर्षी त्या चार बोटांत आठ-दहा पालांची सकाळ होती. मी कमिटीला सांगितलं. कुणीतरी अंधारात पाणी ओढतंय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कोण, ते कुणी बोललं नाही. पण सगळे एकाच पालाकडं बघत होते, आणि मीही.

ते पाल मुरुमकडच्या बौद्ध मंडळींचं होतं. सात माणसं. ती सगळी त्या हंगामात येरमाळ्याच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. रानाचा मालकही तिथंच कामाला जायचा, त्यानं त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना बोलावलं. ढोलकी वाजवणारा पन्नाशीचा एक माणूस आणि त्याची धाकटी बहीण, हे दोघं मुख्य. ती गायची. तिनं स्वतः एक नवीन गाणं बांधलं होतं, खडी फोडणाऱ्या बायांचं, आणि ते पहिल्यांदाच चार गावांपुढं म्हणणार होती. त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी होती. कामावरचा तीन दिवसांचा खाडा करून ते आले होते, तो त्यासाठीच.

त्या सकाळी मी त्यांच्यावर डोळा ठेवून बसलो. बाकीच्या पालांकडं मी पाहिलंच नाही, हे आधी सांगतो. ती बाई दिवस वर आल्यावर एक मडकं घेऊन निघाली. त्यावर फडकं टाकलेलं. बांधाला वळसा घालून विहिरीच्या मागच्या अंगाला गेली आणि रिकामं मडकं घेऊन परत आली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा येताना मी वाटेत उभा राहिलो. तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. त्या वर्षी चिखल म्हणजे काय हे आम्ही विसरलो होतो.

"बाई, पायाला चिखल कुठला?" मी विचारलं. बाकीच्या पालांतल्या तिच्या वयाच्या बायांना मी मावशी म्हणत होतो.

ती हसली. "सचिवसाहेब, दुष्काळात चिखल दिसला तर डोळं निववून घ्यावं. चौकशी कसली करताव?"

"मडक्यात काय होतं?"

"काई न्हाय. रिकामंच हाय की, बघा." तिनं मडकं उलटं करून दाखवलं आणि निघून गेली.

तिनं थट्टेवारी नेलं, याचाच मला राग आला. ज्याचं मन साफ तो सरळ उत्तर देतो, असं मी धरून चाललो. मी कमिटीपुढं उभा राहिलो आणि सांगितलं की मडकं झाकून नेतात, विहिरीमागं जातात, पाय चिखलानं भरलेले मी स्वतः पाहिलेत. मी पाहिलंय म्हटल्यावर कुणी पुढं विचारलं नाही. मालक तेव्हा तिथं नव्हता. बैलांचा चारा आणायला छावणीला गेला होता.

ढोलकीवाल्याला बोलावलं. तो आला, टोपी काढून हातात धरली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इहिरीवर आमाला चढू देत न्हाव तुमी. तुमचा माणूस वरून वततो, आमी खाली घागर धरतो. दोराला आमचा हात न्हाय लागू देत. मग आमी पाणी वर आणलं कसं? फुकून?"

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. ती व्यवस्था खरी होती. मालकाची नव्हे, ती आम्ही लावली होती, आणि पोहरा ओढायला माणूस आमच्याच मंडळाचा बसवला होता.

"मडक्यात काय नेता मग?" कमिटीतल्या एकानं विचारलं.

"वापरल्यालं पाणी. तांदूळ धुतल्यालं, हात-तोंड धुतल्यालं. सगळं एका मडक्यात धरतो आन् मालकाची दोन लिंबाची झाडं हायत मागं, त्यांला घालतो. माश्या बसत्यात म्हणून फडकं. चला, बघा. पंधरा पावलंबी न्हाईत."

आता कुणीतरी उठून पंधरा पावलं जायला हवं होतं. मी सगळ्यांत जवळ बसलो होतो. पण आमच्या मंडळातले वीणेकरी बोलले. वयानं मोठे, गावात त्यांचा शब्द कुणी ओलांडत नसे. "उष्टं पाणी? तुमचं उष्टं पाणी मालकाच्या झाडाला? आणि विहिरीच्या एवढं जवळ? कुणाला विचारलं?"

झालं. चोरी बाजूला राहिली आणि हे पुढं आलं. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले. ढोलकीवाला म्हणत होता, "मालकानंच सांगितलंय, सगळ्यांम्होरं सांगितलंय." पण ज्यांनी ते आदल्या सकाळी बांधावर ऐकलं होतं तेही गप्प होते. शेवटी ठरलं की त्यांनी आज जेवून निघावं. गाण्याचं बघू पुढच्या वर्षी.

ती बाई मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, ढोलकी बांध. जेवायबी नगं हितं."

जाण्याआधी त्यांनी जागा झाडली. मी लांब उभा राहून बघत होतो. खोटं कशाला बोलू, काही उचलून नेतात का, हे बघायला उभा होतो. त्यांनी चुलीचे तीन दगड बांधावर नेऊन ठेवले. राख विस्कटून रानात टाकली. पत्रावळ्या पुरायला खड्डा केला होता तो बुजवला आणि वर पाय देऊन माती बसवली. काठ्यांची भोकंसुद्धा मुजवली. मला त्यातही काही लपवलंय असं वाटलं. ते गेल्यावर मी जाऊन तो खड्डा काठीनं उकरला. पत्रावळ्याच होत्या.

आमच्या पालापुढं त्या वेळी उदबत्तीचे कागद, नारळाच्या शेंड्या आणि विड्यांची थोटकं पडली होती. वाऱ्यानं निम्मी ओढ्यापर्यंत गेली होती.

मालक दिवेलागणीला परत आला. त्यांचं पाल दिसेना म्हणून विचारू लागला. कमिटीनं सांगितलं. तो माझ्याकडं वळला. "सचिव, म्याच सांगितलं व्हतं की. वापरल्यालं पाणी फेकू नगा, लिंबाला घाला म्हणलं. सगळ्यांला म्हणलं. त्या एकट्या पालानं ऐकलं. आन् तुमी त्यांलाच हाकललं व्हय?"

मी म्हणालो, "लिंबाचं राहू द्या. विहिरीतलं पाणी कमी होतंय, त्याचं काय?"

"ते बघा तुमीच," तो म्हणाला. "मोजलालाव नव्हं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुतळी सोडली. पाणी दगडाच्या चार बोटं खाली होतं.

मी पुन्हा सोडली. तेवढंच. ते लोक आदल्या दिवशी दुपारीच गेले होते.

आता जे लिहायचं ते मी आतापर्यंत इथंही लिहिलं नाही, यावरून काय ते समजावं. आमच्या मंडळाचा नियम होता की अंघोळ केल्याशिवाय वीणेला हात लावायचा नाही, टाळाला नाही, पखवाजालाही नाही. तीन दिवस अंघोळ नाही ही अट आम्हाला सांगितली होती. वीणेकरी म्हणाले, "ती माणसांसाठी. देवाच्या कामाला लागतं ते पाणी त्यात धरत नाहीत." म्हणून आम्ही अकरा जण रोज उजाडताना विहिरीमागं जाऊन अंघोळ करत होतो. एकेक बादली. पोहऱ्यावरचा माणूस आमचाच होता. मीही केली, दोन्ही दिवशी. अंघोळ करून, कोरडं धोतर नेसून, गंध लावून मग मी सुतळी घेऊन विहिरीवर जायचो आणि चोर शोधायचो.

मी कुणाला फसवत होतो असं नाही. हे कुणाला पटणार नाही, पण तेव्हा ते पाणी माझ्या हिशेबातच नव्हतं. दारातून आत येताना उंबरा ओलांडतो तसं मी ते ओलांडत होतो. त्या सकाळी सुतळी हातात धरून उभा असताना पहिल्यांदा माझी नजर माझ्या ओल्या केसांकडं गेली, म्हणजे केसांतून पाणी मानेवर ओघळलं आणि मला थंड लागलं.

कमिटीतला माणूस मागून आला. "काय सचिव, आज बरोबर आहे ना पाणी?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्याचं काम तिथून कोसभरही नव्हतं. कुणालाही सायकलवर धाडलं असतं तर ते दुपारपर्यंत परत आले असते. मेळ्याचा शेवटचा दिवस अजून बाकी होता. तिला गाता आलं असतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. सुतळीची गाठ सोडली आणि ती खिशात घातली.

त्या दिवशी आमच्या मंडळाचं भजन फार रंगलं, असं सगळे म्हणाले.

पुढं आठ-दहा वर्षांनी, सोसायट्यांचा जोर होता त्या काळात, कामानिमित्त मुरुमला जाणं झालं. बाजारात चौकशी केली आणि त्यांच्या घरी गेलो. जाताना एसटीत बसून मी काय बोलायचं ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. ढोलकीवाल्यानं मला लगेच ओळखलं. बाज टाकली, चहा सांगितला. चहा तिनंच आणला. केस पांढरे झाले होते. मी विचारलं, गाणं चालू आहे का. ती म्हणाली, "न्हाय, सोडलं. चारचौघांत आवाज लागंना झाला." मग भाऊ म्हणाला, "साहेब, काम काय काढलं?"

त्यांना वाटलं मी सोसायटीच्या कामासाठी आलोय. मी ते तसंच वाटू दिलं. शेळीपालनाची एक योजना होती, तिची माहिती दिली, सभासद कसं व्हायचं ते समजावून सांगितलं, अर्ज कुठं मिळतो ते सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. अर्ध्या तासानं उठलो. दोघं कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. एसटी यायला वेळ होता, तरी मी घाई असल्यासारखा चाललो.

नंतर दोन वेळा पत्र लिहायला घेतलं. त्या घराचा पत्ता अजून माझ्याकडं आहे, पण आता तिथं दोघांपैकी कुणी नाही. जे म्हणायचं होतं ते फार नव्हतं. पाणी आम्ही काढलं होतं. मला ते तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच सकाळी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. तुमचं गाणं माझ्यामुळं राहिलं. मला माफ करा.