नानांच्या बेकरीसमोरची गर्दी

चहा आधी घ्या. हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचा घ्याल की नाही, मला शंका आहे. बोलताना चूक सगळ्यांचीच होते. पण मी जिथे जाऊन जे बोलले, तसं दुसरं कुणी बोललं असेल असं वाटत नाही.

आम्ही तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात राहायचो. कोपऱ्यावर नानांची बेकरी होती. सगळा घरचाच कारभार. भट्टीवर नाना, पीठ मळायला दोन मुलं आणि गल्ल्यावर अक्का, म्हणजे नानांची बायको. मैदा, तूप, साखर आपण घरून द्यायची आणि नाना नानकटाई भाजून द्यायचे. डबा घेऊन गेलं की आधी एक मोडून अर्धी आपल्या हातावर ठेवायचे. एकदा मी घाईत तोंडात न टाकताच "छान झालीय" म्हटलं, तर म्हणाले, "खाल्ली कुठे अजून?" आणि मी खाईपर्यंत डबा भरलाच नाही. असा माणूस.

त्या मे महिन्यात माझ्या नणंदेला बघायला जामनेरहून पाहुणे यायचे होते. त्यांच्यापुढे बाजारची बिस्किटं ठेवायची नाहीत, असं सासूबाईंनी बजावलेलं. आदल्या दिवशी मी सामान देऊन आले. सकाळी रिकामा डबा घेऊन गेले, तर बेकरीसमोर ही गर्दी! लग्नसराईचे दिवस. मला वाटलं, आज सगळ्यांनाच हवंय. शटर अर्धं खाली होतं. माणसं ओट्यावर, रस्त्याच्या कडेला गप्प बसलेली. मला तर कौतुकच वाटलं. आपल्याकडची माणसं खोळंबली की इतकी शांत कधीपासून बसायला लागली?

टोपीवाल्या एका आबांना विचारलं, किती वेळ लागेल? ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगी चोपड्याहून येवानी शे. ती उनी का मग काढतीन."

आता तुम्हीच सांगा, बेकरीसमोर कुणी 'काढतील' म्हटलं तर काय समजायचं? मी समजले, भट्टीतून काढतील. नानांची लेक चोपड्याला दिलेली, हे मला ठाऊक होतं. पण नानकटाई काढायला ती येईपर्यंत कशाला थांबायचं? मी आबांना म्हटलं, तोवर तसंच ठेवलं तर खराब नाही का होणार?

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बर्फावर ठेवेल शे, ताई."

"बर्फावर? अहो, मग सगळं नरम पडेल. मला पाहुण्यांना वाढायचंय ते."

आबा उठून उभे राहिले. आजूबाजूचे लोकही माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, ही बाई मध्ये घुसणार म्हणून बघतायत. मग काय, घुसलेच. शटरखालून वाकत वाकत मोठ्याने म्हणाले, "नाना, आहात ना? माझं तेवढं आधी काढून द्या, मला थांबायला वेळ नाही."

नाना समोरच होते. जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली, पायाचे अंगठे बांधलेले. बर्फाच्या लाद्यांचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं. पहाटे भट्टी पेटवतानाच छातीत कळ आली आणि गेले, हे मला नंतर कळलं.

अक्कांनी मान वर केली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाहीत गं, बाई."

मी तिथेच बायकांमध्ये बसले. एकीने माझ्या हातातला डबा घेतला. सुतकाच्या घरी भाकरी आणली असं तिला वाटलं असावं. तिने तो आत नेऊन ठेवला. रिकामा आहे, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुपारी चोपड्याची लेक आली. शटरखालून आत शिरली आणि समोर पहिली दिसले मीच, तर माझ्याच गळ्यात पडून रडायला लागली. "मला आधी का नाही बोलावलं?" असं मलाच विचारत होती. मीही रडले. नानांसाठी रडले की माझ्या जिभेसाठी, खरंच सांगता येत नाही. पण तिला सोडवून उठून जाणं मला जमलं नाही. नानांना नेल्यावरच मी निघाले.

घरी पोचले तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. मी मागच्या दाराने आले. आमचे हे लगबगीने मागे आले, माझे रिकामे हात बघितले आणि दबक्या आवाजात विचारलं, "नानकटाई कुठे?"

मी म्हटलं, "नाना गेले."

"कुठे गेले?" हे म्हणाले. "मग परत कधी येणार, विचारून नाही का यायचं?"

एरवी असं काही बोलले असते, तर मी यांना महिनाभर सोडलं नसतं. त्या दिवशी मुकाट्याने अंघोळीला गेले. बोलायला मला तोंडच उरलं नव्हतं.