तणावाच्या वहीतला शनिवार

ते पत्र सगळ्यात आधी माझ्याच हातात पडलं, कारण कार्यालयात येणारं प्रत्येक पत्र माझ्याच हातात पडायचं. बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक शाखेची लिपिक होते. शाखा म्हणजे मी, एक टेबल, दोन मोठी रजिस्टरं आणि एक शिक्का. राज्याचे दोन तुकडे होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कोण इकडे राहणार, कोणाला छत्तीसगडात जावं लागणार, यावर डब्याच्या वेळी रोज बोलणं व्हायचं. बहुधा त्यामुळेच वर कोणाच्या तरी लक्षात आलं असावं की कर्मचाऱ्यांना तणाव आहे. भोपाळहून पत्र आलं, 'तनाव प्रबंधन, प्रारंभिक पाठ्यक्रम'. चार मंगळवार, प्रत्येक कार्यालयातून एक कर्मचारी, नाव तत्काळ कळवावे. मी त्यावर नंबर टाकला, शिक्का मारला आणि ते बडे बाबूंच्या टेबलावर ठेवलं.

बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. निवृत्तीला आलेले, कोणाचं वाईट न चिंतणारे आणि कोणालाही रजा न देणारे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि मला बोलावलं.

"बाई, तुमचं नाव देऊन राह्यलो."

"मले कायचा तणाव, बडे बाबू?"

"म्हणूनच तं. ज्याले तणाव आहे, त्याले चार दिवस सोडलं तं काम कोण करन?"

मला तेव्हा हे अगदी पटलं. माझ्या नावाचं पत्र मीच जावक रजिस्टरात चढवलं आणि मीच टपालात टाकलं.

घरी तेव्हा मी आणि दहावीतली मुलगी, अशा दोघीच असायचो. यजमान जंगलखात्यात होते, बैहरच्या लाकूड डेपोत. सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. अकरा वर्षं हाच क्रम होता. कोर्सचं मुलीला सांगितलं तेव्हा ती गणित सोडवत होती. ती माझ्याशी हिंदीतच बोलायची. वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मी, आपको टेन्शन कहाँ होता है? आप तो बाँटती हो."

पहिल्या मंगळवारी अकरा वाजता आम्ही वीस-बावीस जण एका सभागृहात जमलो. वेगवेगळ्या खात्यांचे, काही तहसिलीच्या गावांतून आलेले. शिकवणारे गृहस्थ जबलपूरहून छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं येणार होते आणि ती गाडी आपल्या मर्जीनं चालायची. ते आले एक वाजता. तोवर सगळ्यांनी घड्याळं पाहून झाली होती, दोघं चहाला जाऊन आले होते आणि एकानं भिंतीवरचा फळा उगीचच पुसून काढला होता. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्याला झोळी अडकवलेले ते गृहस्थ दारात उभे राहिले, आमच्याकडे पाहिलं, माफी मागितली आणि म्हणाले, "पिछले दो घंटे में किसको क्या हुआ, बस वही आज का पाठ है."

मग एकेकाला विचारत गेले. कोणी डोकं दुखल्याचं सांगितलं, कोणी राग आल्याचं. खैरलांजीहून आलेला एक जण म्हणाला, "मले तं भूक लागली." लोक हसले, पण सरांनी ते फळ्यावर लिहिलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मुझे कुछ नहीं हुआ."

"अच्छी बात है. मैडम, आपके हाथ में क्या है?"

मी पाहिलं. हातात माझा रुमाल होता आणि मी त्याला पिळून पिळून समईच्या वातीसारखा केला होता. पंखा चालत नाही म्हणून घाम येतोय, असं मी सांगितलं. पंखा डोक्यावर व्यवस्थित फिरत होता. सरांनी फळ्यावर 'रुमाल' असंही लिहिलं.

मला वाटलं होतं, हा माणूस भाषण देईल. त्यांनी दिलं नाही. ते एवढंच सांगायचे की तणाव आधी शरीराला कळतो, माणसाला नंतर. कोणाच्या पोटाला कळतो, कोणाच्या जबड्याला, कोणाच्या झोपेला. आधी तो ओळखायचा, मग पुढचं. पुढचं म्हणजे चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा. शिवाय प्रत्येकाला एक वही दिली. रोज त्यात लिहायचं, कधी तणाव वाटला, काय घडलं होतं, शरीरात कुठे जाणवलं.

वही भरण्यात मी कोणाला हार जाणारी नव्हते. आमच्याकडे महिनाअखेरीला वर माहिती पाठवताना कळवण्यासारखं काही नसलं की 'निरंक' लिहितात. मी बुधवारी निरंक लिहिलं, गुरुवारी निरंक लिहिलं आणि थेट सोमवारपर्यंत सुवाच्य अक्षरात निरंक लिहीत गेले. दुसऱ्या मंगळवारी सरांनी वही उघडली. आता कौतुक होईल म्हणून मी बसले होते. त्यांनी सगळी पानं शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "अगले हफ्ते कारण मत लिखिए. तनाव शब्द भी मत लिखिए. सिर्फ समय और शरीर."

हे सोपं वाटलं. तसं ते सोपंच होतं, म्हणून तर मी फसले. बुधवारी साहेबांच्या खोलीतली घंटी वाजली आणि माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवलाय. घंटी माझ्यासाठी नव्हतीच, शिपायासाठी होती. मी लिहिलं, 'अकरा वीस, श्वास.' दुपारी पुन्हा लिहिलं. नऊ वर्षं मी त्या घंटीजवळ बसत होते. इतकी वर्षं दिवसातून किती वेळा मी श्वास घ्यायची थांबले असेन, हा विचार मी लगेच सोडून दिला.

पण खरी नोंद शनिवारी झाली. संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून वांगी चिरत होते. बाहेर सायकलरिक्षा थांबल्याचा आवाज आला. बैहरची बस स्टँडवर लागली की थोड्या वेळानं हा आवाज यायचाच. माझा हात थांबला. खांदे वर चढले होते, जवळजवळ कानांपर्यंत. वही जवळच होती आणि सवय सरकारी. मी घड्याळ पाहून लिहिलं, 'साडेपाच, खांदे.' लिहून झाल्यावर मग मला कळलं की मी काय लिहिलंय.

इथे सांगायला हवं की माझे यजमान अतिशय सज्जन माणूस. आवाज कधी चढवला नाही. येताना पिशवीत चारोळी, मध, हंगामात बांबूचे कोंब, काही ना काही असायचंच. फक्त सहा दिवस डेपोत लाकडांवरचे नंबर यादीशी ताडून पाहणारा माणूस शनिवारी घरी आला की त्याचे डोळे तेच काम करत राहायचे. दारातल्या चपला सरळ व्हायच्या. पाण्याचा माठ चार बोटं सरकायचा. आणि प्रश्न सुरू व्हायचे. "नळ आला होता का? गॅस कधी लावला? इची टेस्ट झाली का? हे इथं काहून ठेवलं?" प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायचं. उत्तर असूनही खांदे वर का जातात, ते मला सांगता येत नव्हतं.

मी श्वासाचा उपाय करून पाहिला. ओट्यापाशी उभी राहून चार मोजायचे, सहा मोजायचे. मुलीला वाटायचं, मी कुकरच्या शिट्ट्या मोजतेय. "मम्मी, छह नहीं हुई, दो ही हुई हैं," असं ती आतून सांगायची.

तिसऱ्या शनिवारीही तीच नोंद झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी यजमान कुठलासा फॉर्म भरायला पेन शोधत होते. पेन वहीत होतं. मी आंघोळीहून आले तर ते खुर्चीवर बसून वही वाचत होते, रजिस्टर तपासावं तसं एकेका ओळीवर बोट ठेवून. मी दारातच थांबले.

"शनिवार, साडेपाच, खांदे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मागच्या शनिवारीबी साडेपाच, खांदे. हा तुमचा साहेब शनिवारी इतकं काम करवते का तुले? तू बोलली काहून नाई?"

साहेबांवर ते खरोखर रागावले होते. सोमवारी बैहरला उशिरा जाईन पण आधी त्याला भेटीन, असंही म्हणाले. गप्प राहिले असते तर साहेबांवर शेकलं असतं आणि मी सुटले असते. क्षणभर तो विचार आलाही. पण ते खरंच गेले असते.

"ऑफिसच्या कामानं नाई. साडेपाचले मी घरी राहते," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात."

त्यांनी पुन्हा वहीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग अंगणात गेले आणि सायकलची चेन काढून बसले. चेन चांगली होती. दुपारी जेवताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं, आणि नळ आला होता हे मी न विचारताच सांगून टाकलं.

चहाच्या वेळी ते म्हणाले, "खांदे म्हणजे काय होते नेमकं?"

मी दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं.

"मले घाट उतरला का पोटात गोळा येते," ते म्हणाले.

"कोणचा घाट?"

"बैहरचा. बस खाली उतरली, बालाघाटची घरं दिसली, का येते. दर शनिवारी."

"काहून?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "इथं सगळं ठीक चाललेलं राहते. नळ येते, गॅस लागते, पोरगी पास होते. मी आलो काय अन नाई आलो काय. विचारलं नाई तं मी इथं काय करू?"

अकरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मला वाटायचं ते तपासणी करतात, आणि ते हजेरी लावत होते. मी त्यांना चार आणि सहाचा श्वास शिकवला. त्यांनी दोनदा केला आणि म्हणाले, "चक्कर येऊन राह्यली." मग आम्ही साधा उपाय ठरवला. बसमधून उतरल्यावर त्यांनी स्टँडवरच अर्धा तास बसायचं, चहा घ्यायचा, पोट जागेवर आलं की मग घरी यायचं. मलाही तेवढा अर्धा तास मिळेल.

चौथ्या मंगळवारी शेवटचा वर्ग होता. प्रत्येकानं आपल्याला काय सापडलं ते सांगायचं होतं, आणि ते पाहायला कार्यालयांचे बडे बाबू बोलावले होते. आमचे पहिल्या रांगेत बसले. त्यांच्यासमोर मी नवऱ्याचं नाव कसं घेणार? मी हिंदीत सांगितलं की मला आवक-जावकचा फार तणाव आहे, विशेषतः शनिवारी. सर माझ्याकडे पाहून किंचित हसले. त्यांनी वही वाचलेली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बडे बाबूंनी हे इतकं मनावर घेतलं की साहेबांकडून लेखी परवानगी आणली. शनिवारी मला एक तास आधी सुट्टी. चार वर्षं मागत होते तेव्हा मिळाली नव्हती. म्हणजे ज्या घरात शनिवारी संध्याकाळी माझे खांदे चढायचे, तिथे मला लवकर पोचवण्याची सोय शासनानं केली. मी तो तास घरी नेलाच नाही. तलावाच्या काठी बाकावर बसून घालवायची. एका शनिवारी मुलगी म्हणाली, "आप दोनों जब तक नहीं आते, वो हफ्ते का सबसे अच्छा टाइम है." तिला कोर्सला पाठवायची गरज नव्हती.

दीड वर्षानं यजमानांची बदली बालाघाटला झाली. शेजारणी अभिनंदन करायला आल्या. मी पेढे दिले आणि श्वास मोजला. ते येऊन रुजू झाले, तो बुधवार होता. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदाच आठवड्याच्या मधल्या दिवशी आम्ही तिघं एकत्र जेवायला बसलो. भात, तुरीचं वरण, आंब्याचं लोणचं. यजमान खाली मान घालून जेवत होते. काहीही विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं दिसत होतं.

मुलगी तेव्हा बारावीला होती. तिनं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाली, "पापा, आप कुछ पूछ नहीं रहे?"

"पूछना है क्या?"

"फिजिक्स का टेस्ट था आज."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पानात वरण वाढलं. मग त्यांनी जपून विचारलं, कसा गेला. ती सांगायला लागली, आणि तिचं सांगणं ताटं वाळून जाईपर्यंत चाललं.