माझं नेट आलं, पल्लवीचं गेलं

मंडळी, तीन दिवस नेट बंद होतं, म्हणून आज सकाळी केबलवाल्याला फोनवर चांगलंच झाडलं. तो आला, खांबावर चढला आणि पाच मिनिटांत नेट सुरू! मी शाबासकीही दिली.

तेवढ्यात शेजारची पल्लवी धावत आली. "काकू, नेट कटला जी! नोकरीचा इंटरव्ह्यू चालू होता माहा!"

मी त्याला विचारलं, "काय केलंस?"

"मॅडम, खांबावरच्या डब्यात जागाच नाही न. त्यांची वायर काढून तुमची लावली. तुम्हीच तर अर्जंट बोलले."

पल्लवीला माझ्या लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर कुणीच उरलं नव्हतं.

"उद्या मोठा डबा लावतो," तो म्हणाला. तो डबा तिच्या आजच्या इंटरव्ह्यूच्या काय कामाचा?

तुमची तक्रार झटपट मिटली, तेव्हा शेजारी विचारलंत का? मी नव्हतं विचारलं.