दीक्षेचा रुमाल

परवा नातवाच्या बाप्तिस्म्याला पवित्र तेलाचा सुगंध दरवळला आणि नव्वदच्या दशकातले कोपरखैरण्याचे आमचे चर्च आठवले. दूरच्या मिशनमध्ये श्रद्धेपायी मारला गेलेला माझा धाकटा भाऊ, फादर पास्कू, शवपेटीत निजला होता.

“रडू नका मावशी, हुतात्म्याच्या आई आहात तुम्ही,” शेजारीण म्हणाली.

आईने एक पिवळट रुमाल काढला. पास्कू धर्मगुरू झाला तेव्हा, गुरुदीक्षेच्या विधीत, त्याचे पवित्र तेल लावलेले हात या रुमालाने बांधले होते. धर्मगुरूची आई वारली की पुरताना तो तिच्या हाती ठेवायचा, ही आमची रीत. तिने तो त्याच्याच हाती ठेवला.

“तिथं सगळं शांत आहे म्हणालास. धमक्या येत होत्या ते सगळ्यांना ठाऊक, मलाच तेवढं नाही! फसवलंस रे मला.”

तेव्हा मला ते बोलणे कठोर वाटले. आज तिच्या वयाला पोचल्यावर, भीत भीत का होईना, तेच रास्त वाटते.